परक्या भाषेतला संसार

ॲन फ्रँकची रोजनिशी आपल्याकडे कितीतरी घरांतल्या कपाटात असते. आईने कॉलेजात असताना वाचलेली असते, पुढे मुलगी तीच प्रत उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचून काढते. जुलै १९४२ ते ऑगस्ट १९४४ अशी दोन वर्षे ॲमस्टरडॅममधल्या एका कचेरीच्या मागच्या भागात लपून राहिलेल्या त्या मुलीचा आवाज आपल्या इतका ओळखीचा झाला आहे, की ती मुळात कोणत्या भाषेत बोलत होती हा प्रश्न सहसा मनात येत नाही. ती डच भाषेत लिहीत होती. आपल्यापैकी बहुतेकांनी तिला ऐकले ते इंग्रजीत, नाहीतर इंग्रजीवरून झालेल्या मराठीत. म्हणजे तिच्या आणि आपल्या मध्ये आणखी एक माणूस उभे होते, आणि त्या माणसाचे नाव फार थोड्यांना सांगता येईल.

ते नाव बार्बरा मोयार्ट-डबलडे. या इंग्रज बाई ॲमस्टरडॅममध्ये राहत असत. १९५२ साली जगापुढे आलेली इंग्रजी रोजनिशी त्यांच्या हातची. मूळ डच पुस्तक १९४७ साली निघाले होते आणि त्याचे नाव होते 'हेट आख्टरहाऊस'. 'आख्टर' म्हणजे मागे आणि 'हाऊस' म्हणजे घर. ॲमस्टरडॅमच्या कालव्यांच्या काठावरची जुनी घरे दर्शनी बाजूला अरुंद, पण आत लांबवर गेलेली असतात. पुढे एक घर आणि त्याच्या पाठीला लागून दुसरे. ज्यांचे बालपण पुण्या-साताऱ्याच्या वाड्यात गेले आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. आपल्याकडे पुढचा चौक होता, मागचा चौक होता, माजघर होते, परसदार होते. इंग्रजांची घरे तशी नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडे शब्दही नाही. मग इंग्रजीत त्या जागेचे नाव झाले 'सीक्रेट ॲनेक्स'. घरगुती वापरातला एक साधा शब्द सीमा ओलांडताना गूढ होऊन गेला. यात बाईंची चूक काही नाही. दुसरा कोणता शब्द त्यांनी घालायला हवा होता, असे कुणी मला विचारले तर मला सांगता यायचे नाही.

माझ्या एका कादंबरीचे हिंदी भाषांतर करणाऱ्या गृहस्थांनी एकदा मला पोस्टकार्डावर विचारले होते, की 'ती परसदारी उभी होती' म्हणजे नेमकी कुठे उभी होती? दारात, अंगणात, की विहिरीपाशी? भाषा माझी, परसदार माझे, बाईही माझीच. पण उत्तर लिहायला मला दोन दिवस लागले. लेखकाने एकदा लिहून मोकळे व्हायचे आणि भाषांतरकाराने त्या बाईला नक्की कुठे उभे करायचे ते ठरवायचे, अशी ही वाटणी आहे.

डच माणसाशी आपली ओळख तशी जुनी. मराठी कागदपत्रांत त्याला 'वलंदेज' म्हटले आहे, आणि सतराव्या शतकात त्याने वेंगुर्ल्याला घातलेल्या वखारीचे पडके अवशेष अजून तिथे आहेत. पण ही ओळख मिरी-मसाल्याची आणि तोफांची. त्याच्या भाषेत कोणी काय लिहिले याची खबर आपल्याला लागते ती इंग्रजीच्या टपालातून. हे टपाल वाहणारी माणसे कोण असतात, त्यांचे पोट कशावर चालते, आणि एवढ्याशा देशाच्या भाषेसाठी कुणी आपले आयुष्य का घालवावे, हे प्रश्न मला बरीच वर्षे पडत आले आहेत. बँकेत नोकरी केलेल्या माणसाला कोणत्याही उद्योगाचा ताळेबंद पाहिल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून म्हणा हवे तर. या प्रश्नांची उत्तरे शोधताना जो माणूस मला सर्वांत जवळचा वाटला, त्याची गोष्ट आज सांगायची आहे.

आयोवाचा शेतकऱ्याचा मुलगा

जेम्स स्ट्रॅटन होम्स यांचा जन्म २ मे १९२४ रोजी अमेरिकेतील आयोवा राज्यात कॉलिन्स नावाच्या छोट्या गावी झाला. घरची शेती. सभोवार मक्याचा मुलुख. पुढे ते क्वेकर पंथीयांच्या कॉलेजात शिकले. शस्त्र हाती धरायचे नाही, हे क्वेकर लोकांचे व्रत. दुसरे महायुद्ध चालू होते. होम्स यांनी सैन्यात जायला नकार दिला, आणि सैन्याऐवजी जी पर्यायी सेवा देऊ केली जात असे तीही नाकारली. त्याबद्दल त्यांना सहा महिन्यांची कैद झाली. विशीतल्या मुलाने सगळा देश युद्धाच्या ज्वरात असताना अशी भूमिका घेणे सोपे नव्हते. सगळे एका बाजूला जात असताना आपण थांबून विचार करायचा, ही सवय त्यांना तेव्हापासूनची.

सुटकेनंतर त्यांनी हॅव्हरफर्ड कॉलेजातून इंग्रजी आणि इतिहास या विषयांत पदवी घेतली, मग ब्राऊन विद्यापीठात पुढचे शिक्षण सुरू केले. कविता करीत होतेच. १९४९ साली फुलब्राइट योजनेखाली एक वर्ष शिक्षक म्हणून ते हॉलंडला गेले. ओमेन गावाजवळच्या एर्डे नावाच्या जुन्या गढीत क्वेकर लोकांची शाळा होती, तिथे त्यांची नेमणूक होती. वर्ष संपले की परतायचे आणि राहिलेला अभ्यास पुरा करायचा, असा बेत. वर्ष संपले, पण ते परतले नाहीत.

१९५० साली त्यांची हान्स फान मार्ले या तरुण विद्यार्थ्याशी गाठ पडली. दोघांनी ॲमस्टरडॅमला एकत्र बिऱ्हाड केले आणि ते शेवटपर्यंत टिकले. दोन पुरुषांमधल्या अशा संबंधांना त्या काळी अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत कायद्याने गुन्हा ठरवले होते. हॉलंडमध्ये दोन प्रौढांच्या बाबतीत तसे नव्हते. होम्स तिथे राहिले याला भाषेवरचे प्रेम जसे कारण होते, तसे हेही होते. माणूस परकी भाषा शिकतो ती व्याकरणाच्या पुस्तकातून, हे अर्धेच खरे. ज्या घरात त्याला मोकळा श्वास घेता येतो त्या घराची भाषा तो आपोआप आपली करतो. लग्न होऊन बेळगावहून बडोद्याला गेलेल्या आपल्या मावश्या-आत्यांना हे विचारून पाहावे.

होम्स ॲमस्टरडॅम विद्यापीठात डच साहित्याच्या वर्गांना बसू लागले आणि डच कविता इंग्रजीत आणू लागले. हे काम त्यांनी इतके चोख केले, की १९५६ साली त्यांना भाषांतरासाठीचे मार्टिनस नायहॉफ पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले परदेशी. हॉलंडला येऊन त्यांना तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती.

'तू' आणि 'तुम्ही'

डचमधून इंग्रजीत आणणे म्हणजे शेजारच्या खोलीत जाण्यासारखे, असे वरवर पाहता वाटेल. दोन्ही भाषा एकाच घराण्यातल्या. 'बुक' आणि 'बूक', 'वॉटर' आणि 'वाटर' असे कितीतरी शब्द सख्खे. पण जवळच्या नात्यातच जास्त गैरसमज होतात, तसे या दोन भाषांचे आहे.

एक उदाहरण मराठी माणसाला लगेच पटेल. डच भाषेत 'येइ' म्हणजे तू आणि 'यू' म्हणजे तुम्ही. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. आता समजा, डच कादंबरीत एक बाई पन्नास पाने एका गृहस्थांना 'तुम्ही' म्हणते आणि एक दिवस अवचित 'तू' म्हणते. डच वाचकाला कळायचे ते त्या एका अक्षरात कळते. मराठी वाचकालाही कळले असते, कारण 'अहो' आणि 'अरे' यांच्यामधल्या एका पावलावर आपल्याकडे अख्खी नाटके उभी आहेत. इंग्रजीत मात्र ते पाऊल टाकायला जमीनच नाही. मग भाषांतरकार काय करतो? तो आडनावाऐवजी पहिले नाव घालतो, वाक्याची ठेवण जरा सैल करतो, कुठे एखादा हात खांद्यावर ठेवल्याचे सूचित करतो. हे काम त्याने केले आहे हे कुणाला दिसतही नाही. दिसले तर ते फसले, असे समजायचे.

दुसरी गोष्ट लहानपणा दाखवणाऱ्या रूपांची. डच माणूस जवळजवळ कोणत्याही नामाला शेवटी एक छोटे शेपूट लावून त्याला लहान आणि लाडके करतो. घर असेल त्याचे घरकुल होते, कप असेल त्याचा कपुला. आपणही डब्याची डबी करतो, लोट्याची लोटी करतो आणि पोराला लाडाने पोरगे म्हणतो. इंग्रजीत हे सगळे 'लिटल' या एका शब्दावर भागवावे लागते, आणि प्रत्येक ठिकाणी तो घातला तर मोठी माणसे बोबडे बोलू लागल्यासारखी वाटतात.

या झाल्या गद्यातल्या अडचणी. होम्स यांनी तर कवितेला हात घातला होता. कवितेचे भाषांतर करताना वृत्ताचे काय करायचे, या प्रश्नाचा त्यांनी वर्षानुवर्षे विचार केला आणि चार वाटा दाखवल्या. आपल्या घरातले उदाहरण घेऊन त्या सांगतो. समजा, जात्यावरची ओवी इंग्रजीत न्यायची आहे. पहिली वाट म्हणजे ओवीचाच आकार इंग्रजीत जसाच्या तसा उतरवायचा प्रयत्न करणे. दुसरी म्हणजे इंग्रजी परंपरेत ओवीसारखेच काम करणारा एखादा लोकगीताचा आकार शोधून त्यात ती बसवणे. तिसरी, आशयापासून सुरुवात करायची आणि त्यातून जो आकार उगवेल तो उगवू द्यायचा. चौथी, या कशाशीच संबंध नसलेला, भाषांतरकाराला रुचेल तो आकार घ्यायचा. यांतली अमुकच बरोबर, असे होम्स यांनी सांगितले नाही. प्रत्येक वाटेवर काय हाती लागते आणि काय सांडते, ते त्यांनी नीट मांडले. जमा-खर्च दोन्ही बाजू लिहिल्या.

त्यांनी आणखी एक गमतीचा हिशेब मांडला आहे. इंग्रजीतली एक अगदी साधी, वृत्ताचे बंधन नसलेली छोटी कविता पाच भाषांतरकारांना द्या आणि तिचे डच भाषांतर करायला सांगा. पाचांतली दोन भाषांतरे तंतोतंत सारखी निघण्याची शक्यता फार थोडी. मग ती पाच डच भाषांतरे आणखी पंचवीस जणांना देऊन परत इंग्रजीत आणायला सांगा. मूळची कविता पुन्हा हाती येणार नाही. गणितात असे झाले तर मास्तर छडी मारतील. भाषांतरात मात्र हा दोष मानत नाहीत, कारण प्रत्येक भाषांतर म्हणजे मूळ प्रदेशाचा एक नकाशा, असे होम्स म्हणत. एकाच प्रदेशाचे पाच नकाशे वेगवेगळे असू शकतात आणि पाचही उपयोगी पडू शकतात.

याचा प्रत्यय त्यांच्याच एका कामातून येतो. ज्या कवीच्या नावाचे पारितोषिक त्यांना मिळाले त्या नायहॉफ यांची 'आवाटर' नावाची १९३४ सालची दीर्घ कविता डच साहित्यात फार मोठी मानली जाते. तिचा नायक कुणी राजा किंवा योद्धा नाही. आवाटर हा एका कचेरीतला कारकून आहे. कवितेतला निवेदक एकाकी आहे, त्याला प्रवासाला सोबत हवी आहे, म्हणून तो कचेरी सुटल्यावर या कारकुनाच्या मागून शहरभर फिरतो आणि शेवटी रेल्वे स्टेशनपर्यंत पोचतो. उभा जन्म खातेवह्यांत घालवलेल्या माझ्यासारख्याला ही कविता आवडली तर नवल नाही. होम्स यांनी ती १९६१ च्या सुमारास इंग्रजीत आणली. २०१० साली लंडनच्या एका प्रकाशकाने मूळ डच कवितेबरोबर तिची तीन इंग्रजी भाषांतरे एकाच पुस्तकात छापली. एक डच लेखक दान फान देर फाट यांचे, दुसरे होम्स यांचे, आणि तिसरे ऑस्ट्रेलियातून येऊन ॲमस्टरडॅमला राहिलेले डेव्हिड कोल्मर यांचे. एका कारकुनाचा पाठलाग तीन भाषांतरकारांनी केला, आणि तिघांना तो थोडा थोडा वेगळा दिसला.

कामाला नाव लागते

१९५८ साली ॲमस्टरडॅममधून 'डेल्टा' हे इंग्रजी नियतकालिक निघू लागले. हॉलंडमधल्या कला-साहित्याची ओळख बाहेरच्या जगाला करून द्यावी, हा त्याचा हेतू. होम्स त्याच्या कविता विभागाचे संपादक होते आणि फान मार्लेही त्या कामात होते. १९६४ पासून होम्स ॲमस्टरडॅम विद्यापीठात भाषांतर शिकवू लागले.

शिकवू लागल्यावर त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. भाषांतराबद्दल बोलणारे पुष्कळ होते, पण प्रत्येक जण आपापल्या ओट्यावर बसून बोलत होता. भाषाशास्त्रज्ञ एक सांगत, साहित्याचे प्राध्यापक दुसरे, आणि प्रत्यक्ष काम करणारा भाषांतरकार मान खाली घालून काम करीत राही. या अभ्यासाला धड नावही नव्हते. १९७२ साली कोपनहेगनच्या परिषदेत होम्स यांनी एक निबंध वाचला. शीर्षक होते 'द नेम अँड नेचर ऑफ ट्रान्सलेशन स्टडीज'. या विषयाला 'ट्रान्सलेशन स्टडीज' म्हणावे असे त्यांनी सुचवले आणि त्याच्या शाखा-उपशाखांचा एक आराखडा मांडला. झालेल्या भाषांतरांचे वर्णन एका बाजूला, सिद्धान्त दुसऱ्या बाजूला, आणि शिक्षण, कोश, समीक्षा अशी व्यवहारातली कामे तिसऱ्या बाजूला. आज आपल्याकडच्या विद्यापीठांत भाषांतर अभ्यासाचे जे वर्ग चालतात, त्यांतला विद्यार्थी पहिल्या काही धड्यांतच या निबंधापाशी येतो. शिक्षणाने सिद्धान्तकार नसलेल्या, मुळात कविता करणाऱ्या माणसाने हे केले. जो रोज विहिरीवर पाणी भरतो त्यालाच दोर कुठे झिजला आहे ते ठाऊक असते.

१९८४ साली होम्स आणि विल्यम जे स्मिथ यांनी संपादित केलेला 'डच इंटीरिअर' हा युद्धोत्तर डच आणि फ्लेमिश कवितेचा मोठा संग्रह कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकाशनाने काढला. पस्तीस वर्षांपूर्वी एका वर्षासाठी गेलेल्या पाहुण्याने यजमानांची कविता आपल्या माहेरच्या भाषेत अशी पोचती केली. दोन वर्षांनी, ६ नोव्हेंबर १९८६ रोजी, एड्सने होम्स यांचे निधन झाले. वय ६२. त्या आजाराचे नाव घ्यायलाही लोक तेव्हा कचरत. त्यांचे विखुरलेले निबंध १९८८ साली 'ट्रान्सलेटेड!' या नावाने पुस्तकरूपात आले. ते पाहायला ते नव्हते.

ताळेबंद

आता थोडे पैशाकडे वळू. होम्स यांच्या निष्ठेला कितीही नमस्कार केला, तरी एकट्याच्या निष्ठेवर एखादा व्यवसाय उभा राहत नाही. त्यांच्यामागे एक व्यवस्था हळूहळू तयार होत होती, आणि तिची कहाणी मला त्यांच्या कहाणीइतकीच मोलाची वाटते.

होम्स यांना मिळालेले पारितोषिक प्रिन्स बर्नहार्ड फंडाचे. हा फंड १९४० साली लंडनमध्ये निघाला तो लढाऊ विमाने विकत घेण्यासाठी, कारण हॉलंड तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होते. युद्ध संपले. विमानांची गरज सरली. पण फंड मोडला नाही. तो कला-संस्कृतीच्या कामाला लावला गेला आणि १९५३ साली त्यातून भाषांतराचे पारितोषिक सुरू झाले. विमानांसाठी जमवलेल्या फंडातून कवितेच्या भाषांतरकाराला बक्षीस द्यावे, असे ज्या समाजाला सुचते त्याचा हिशेब आपल्यापेक्षा निराळा असला पाहिजे.

१९५४ साली डच साहित्याची परभाषांत भाषांतरे व्हावीत म्हणून तिथे एक स्वतंत्र संस्था स्थापन झाली. योगायोग असा, की आपली साहित्य अकादमीही त्याच वर्षीची. डच संस्थेची जागा १९९१ साली नव्या संस्थेने घेतली आणि २०१० पासून हे काम डच साहित्य निधीकडे आले. कामाची पद्धत अगदी व्यवहारी आहे. परदेशी प्रकाशकाने डच पुस्तक घेतले, की भाषांतरकाराच्या मानधनासाठी त्याला अनुदान मिळू शकते. मात्र भाषांतरकार लायक आहे का, हे निधी तपासून घेतो. ॲमस्टरडॅमला भाषांतरकारांसाठी एक घरही आहे. जगभरातून डच भाषेतून भाषांतर करणारी माणसे तिथे काही आठवडे येऊन राहतात, काम करतात, लेखकांना भेटतात आणि मंडईत फिरून भाषा कानावर पाडून घेतात. डच बोलणारे लोक हॉलंड आणि बेल्जियमचा फ्लँडर्स भाग मिळून अडीच कोटींच्या आसपास. एवढ्या लोकांनी ठरवले, की आपली भाषा जग शिकणार नाही. तेव्हा जी थोडी माणसे ती शिकतील त्यांची चूल पेटती ठेवायची.

या व्यवस्थेला आलेले फळ २०२० साली जगाने पाहिले. त्या वर्षीचे आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक 'द डिस्कम्फर्ट ऑफ इव्हनिंग' या कादंबरीला मिळाले. लेखक मरीके लुकास रायनेफेल्ड, वय २९, तेव्हा दुभत्या गाईंच्या गोठ्यात काम करणारे. बर्फावर स्केटिंगला गेलेला मोठा भाऊ परत येत नाही आणि एक कर्मठ ख्रिस्ती शेतकरी कुटुंब त्या दुःखात आतल्या आत मोडत जाते, त्याची ही गोष्ट. भाषांतर मिशेल हचिसन या इंग्रज बाईंचे. त्या आधी प्रकाशन व्यवसायात संपादक होत्या आणि २००४ साली ॲमस्टरडॅमला राहायला गेल्या. या कुटुंबाच्या बोलण्यात बायबल घरच्या माणसासारखे वावरते. डच घरांत १६३७ सालच्या जुन्या डच बायबलची भाषा पिढ्यान् पिढ्या कानावर पडत आली. ती घुमारे घेणारी भाषा इंग्रजीत आणायची, आणि त्याच वाक्यात गोठ्यातला शेणाचा वासही राहू द्यायचा, हे हचिसन यांचे काम होते. मूळ डच नावाचा शब्दशः अर्थ 'संध्याकाळ म्हणजे अस्वस्थता' असा. इंग्रजीत त्याची झाली 'संध्याकाळची अस्वस्थता'. वाक्य होते, त्याचे नाव झाले. केवढासा फरक; पण पुस्तकाच्या कपाळावरचा.

या पारितोषिकाची रक्कम पन्नास हजार पौंड. ती लेखक आणि भाषांतरकार यांच्यात निम्मी निम्मी वाटली जाते. पंचवीस हजार यांना, पंचवीस हजार त्यांना. भाषांतराबद्दल आजवर जेवढे गौरवाने बोलले गेले, त्या सगळ्यापेक्षा हा निम्म्याचा हिशेब मला अधिक बोलका वाटतो. आपल्याकडे २०२२ साली गीतांजली श्री यांच्या हिंदी कादंबरीला आणि २०२५ साली बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांना हा मान मिळाला तेव्हा डेझी रॉकवेल आणि दीपा भास्ती यांची नावे त्यांच्याबरोबरीने छापून आली, ती याच हिशेबामुळे.

आपल्या घरात

मराठी बोलणारे २०११ च्या जनगणनेत आठ कोटी तीस लाख होते. डच भाषिकांच्या तिपटीहून जास्त. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. आणि मराठीतून इंग्रजीत भाषांतर करून केवळ त्यावर संसार चालवणारी माणसे किती? बोटांवर मोजायला गेलो तर बोटे उरतील. काम करणाऱ्यांची उणीव नाही. लंडनला मराठी शिकवणारे इयन रेसाइड यांनी साठच्या दशकात 'गारंबीचा बापू' इंग्रजीत नेला. दिलीप चित्रे यांनी तुकोबांना नेले. हैदराबादला इंग्रजीचे प्राध्यापक असलेल्या सुधाकर मराठे यांनी 'कोसला' नेली. शांता गोखले यांनी 'श्यामची आई' नेली, जेरी पिंटो यांनी 'बलुतं' नेले. यांतल्या प्रत्येकाने आपापल्या हिमतीवर, आपल्या वेळातून वेळ काढून हे केले आहे. प्रत्येकाने आपली आपली विहीर खणली. गावाने नळ घातला नाही.

भाषांतरे जुनीही होतात, हे आणखी एक. ॲनची मूळ रोजनिशी आहे तशीच आहे, पण बार्बराबाईंच्या १९५२ च्या इंग्रजीनंतर १९९५ साली सुझन मॅसॉटी यांनी अधिक विस्तृत संहितेवरून नवे भाषांतर केले. म्हणजे हे काम एकदा करून संपत नाही. दर पिढीला नवा माणूस लागतो, आणि तो तयार करायला आधीची पिढी जागी असावी लागते.

एखाद्या संध्याकाळी जेवणाच्या पानावर बसल्यावर मुलीने म्हटले, 'बाबा, मला भाषांतरकार व्हायचंय,' तर आपल्यापैकी कितीजणांच्या तोंडचा घास तिथेच थांबेल? 'छंद म्हणून कर की, पण पोटापाण्याचं काय?' हा प्रश्न आपण विचारणारच, आणि तो विचारण्यात गैर काही नाही. आयोवाच्या त्या शेतकऱ्याच्या घरीही मुलगा परत येत नाही म्हटल्यावर कुणीतरी तो विचारला असेल. फरक एवढाच, की डच समाजाने तो प्रश्न आईबापांवर सोडला नाही. संस्था काढली, अनुदान ठेवले, राहायला घर दिले, पारितोषिक दिले, आणि सत्तर वर्षे न कंटाळता हे चालू ठेवले. त्या मुलीला देण्यासारखे उत्तर आपल्याकडे आज नाही. तिने विचारण्याआधी ते तयार करायला घेतले, तर निदान तिच्या मुलीच्या वेळेपर्यंत ते हाती असेल.